कामानिमित्त चट्टानूगा: दक्षिणेतलं खाणं, बोलणं आणि मोकळे शनिवार-रविवार

चाकणकर

टेनेसीतल्या चट्टानूगात फोक्सवॅगनचा कारखाना २०११ पासून चालू आहे, अलाबामात टस्कलूसाजवळ व्हान्सला मर्सिडीजचा १९९७ पासून आणि दक्षिण कॅरोलायनात ग्रीरला बीएमडब्ल्यूचा १९९४ पासून. आपल्याकडून टूलिंगच्या चाचणीला, ऑडिटला, लाइन चालू करून द्यायला तिकडे जाणं होतं. मराठीत सापडणारी माहिती मात्र सगळी न्यूयॉर्क-कॅलिफोर्निया धरून लिहिलेली. दक्षिणेत तिचा अर्धाच उपयोग, म्हणून हा धागा.

'दक्षिण' हा शब्द नकाशावरून घेऊ नका. मायामी सगळ्यांच्या खाली आहे, पण तिला कोणी 'द साउथ' म्हणत नाही. टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, दोन्ही कॅरोलायना हा गाभा.

सुरुवात घड्याळापासून, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. चट्टानूगा ईस्टर्न वेळेवर चालतं. पश्चिमेला जेमतेम अर्ध्या तासावर मॅरियन काउंटी लागली की सेंट्रल, म्हणजे घड्याळ एक तास मागे. नॅशव्हिल सेंट्रल, अख्खं अलाबामा सेंट्रल, अटलांटा ईस्टर्न. बर्मिंगहॅमला सकाळी ९ची बैठक असेल आणि चट्टानूगाहून साडेसातला निघालात, तर सव्वादोन तास गाडी हाकूनही तिथल्या पावणेनऊला पोचता. येताना तोच तास कापला जातो, संध्याकाळच्या पुण्याच्या कॉलला उशीर होतो तो त्यामुळे. सीमेजवळ फोन कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे वेळ बदलतो, तेव्हा गजर लावलेल्या फोनची वेळ हाताने पक्की करून ठेवा आणि निमंत्रणात ईटी की सीटी ते लिहा.

शाकाहार, बोलणं आणि सुट्टीचे दिवस यांवर जाणकारांनी भर घालावी.

कोथिंबीर

शाकाहारावर लिहिते. नुसतं 'व्हेजिटेरियन आहे का' असं विचारू नका. तिथल्या घरगुती स्वयंपाकात डुकराचं मांस भाजीत घालतात ते आपण हिंग-मोहरी घालतो त्या हिशेबाने. भाजीत तुकडा दिसत नाही म्हणून वाढणारी बाई मनापासून 'हो, भाजीच आहे' म्हणते. ती फसवत नसते. नाव घेऊनच विचारायचं: हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा), बेकन ग्रीस (बेकनची सुटलेली चरबी), लार्ड (डुकराची चरबी), चिकन स्टॉक (कोंबडी उकळलेलं पाणी). या चारांपैकी काही आहे का?

दुपारचं जेवण बहुधा 'मीट अँड थ्री' प्रकारच्या जागी होतं. फळ्यावर चार-पाच मांसाचे पदार्थ आणि दहा-पंधरा 'साइड' लिहिलेल्या असतात. एक मांस, तीन साइड आणि सोबत कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा पाव) किंवा बिस्किट. आपण 'व्हेजिटेबल प्लेट' मागायची: मांस नाही, चार साइड. हे तिथलं जुनंच ताट आहे, मागायला संकोच नको. या जागा दोन-अडीचला बंद होतात आणि रविवारी बारानंतर चर्च सुटल्यावर रांग लागते. रविवारी साडेअकरालाच जा.

आता एकेक साइड. कोलार्ड ग्रीन्स म्हणजे जाड पानांची भाजी, तासन् तास शिजवलेली, जवळजवळ नेहमी हॅम हॉकबरोबर. घेऊ नका. तिच्या खाली उरणाऱ्या रसाला 'पॉट लिकर' म्हणतात, तोही त्यातलाच. हिरव्या शेंगा आणि पिंटो बीन्स बघून चकायला होतं, त्यांतही बहुधा बेकन किंवा फॅटबॅक (डुकराच्या पाठीची चरबी) असतं. मॅश्ड पोटॅटो चालतो, पण 'नो ग्रेव्ही' सांगा, कारण ग्रेव्ही मांसाच्या सुटलेल्या चरबीवर केलेली असते. मॅकरोनी-चीज बहुतेक ठिकाणी निर्धोक, आणि हो, फळ्यावर ते भाज्यांमध्येच लिहिलेलं असतं. कोलस्लॉ, टोमॅटोच्या चकत्या, कँडीड याम (रताळं) चालतात. रताळ्यावर मार्शमेलो असेल तर त्यात जिलेटिन असतं. चट्टानूगात १९१७ पासून बनणाऱ्या मूनपायमध्येही मार्शमेलोच, घरी नेताना हे सांगून द्या. पिमेंटो चीजच्या सँडविचमध्ये कधी वूस्टरशर सॉस घालतात, त्यात अँकोव्ही मासा.

तळलेली भेंडी मक्याच्या पिठात घोळवलेली असते आणि अगदी आपलीशी लागते, पण बऱ्याच ठिकाणी तेल कोंबडीचं आणि कॅटफिशचंच असतं. 'वेगळा फ्रायर आहे का' हा प्रश्न त्यांना नीट समजतो.

दोनशेवीस_व्होल्ट

बिस्किट म्हणजे चहाबरोबरचं नव्हे एवढं कळलं. ग्रिट्स म्हणजे काय? हॉटेलच्या नाश्त्याला ते पांढरं पिठलं ठेवलेलं असतं तेच का?

साजूकतूप

तेच. मक्याच्या कण्या. उपम्यापेक्षा पातळ, पेजेपेक्षा घट्ट. जॉर्जियाने २००२ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत तयार पदार्थ केलंय, पण हॉटेलातल्या नाश्त्यावरून त्याची परीक्षा करू नका. तो 'इन्स्टंट' किंवा 'क्विक' प्रकार असतो, पाच मिनिटांत फुगवलेला, बेचव. खरे ते 'स्टोन ग्राउंड', जात्यावर भरडलेले: १ वाटीला ४ वाट्या पाणी (किंवा निम्मं दूध), मंद आचेवर ४५ मिनिटं ते तास. उकळत्या पाण्यात एकदम ओतले की गोळे होतात. बारीक धारेने सोडायचे, पहिली पाच मिनिटं ढवळणं थांबवायचं नाही. मीठ सुरुवातीलाच, लोणी आणि मिरी शेवटी. साखर घालावी का यावर तिथे भांडणं होतात, पाहुण्याने त्यात पडू नये. शाकाहाऱ्यांनी एवढंच विचारावं की पाण्यात शिजवलेत की चिकन स्टॉकमध्ये.

बिस्किट म्हणजे खारा, पापुद्र्यांचा, बाहेरून खरपूस आणि आत लुसलुशीत पाव. यीस्ट नाही, बेकिंग पावडरवर फुगतो. तिथे ते हलकं होण्याचं कारण गहू. दक्षिणेत मऊ लाल हिवाळी गहू पिकतो, त्याच्या पिठात प्रथिनं कमी, म्हणून चिवटपणा येत नाही. नॉक्सव्हिलला १८८३ मध्ये सुरू झालेल्या व्हाइट लिलीचं 'सेल्फ रायझिंग' पीठ कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. किचन असलेल्या हॉटेलात उतरला असाल तर करून बघा:

सेल्फ रायझिंग पीठ २४० ग्रॅम, फ्रीजमधलं थंड लोणी ६० ग्रॅम, थंड बटरमिल्क १८० मिली. लोणी किसून पिठात बोटांच्या टोकांनी वाटाण्याएवढं होईपर्यंत मिसळा. बटरमिल्क ओतून चमच्याने जेमतेम गोळा करा, मळू नका. ओट्यावर थापून तीनदा घडी घाला, २ सेंटिमीटर जाड थापा. वाटीने सरळ दाबून कापा. २४५ अंश सेल्सियसला १२ ते १४ मिनिटं.

बिघडतं ते असं. वाटी गोल फिरवून कापली की कडा चिकटतात, पापुद्रे सुटत नाहीत आणि बिस्किट एका बाजूला कलतं. लांब लांब ठेवली की पसरतात. एकमेकांना टेकवून ठेवली की वर चढतात. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल तर लोणी आधी वितळून वाहून जातं. ते आत असतानाच वाफ व्हायला हवी, पापुद्रा त्या वाफेचा.

भारतात आल्यावर: मैदा २२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ छोटे चमचे, मीठ अर्धा चमचा. आपलं ताक चालणार नाही, फार पातळ. तीन भाग घट्ट दह्यात एक भाग पाणी घुसळा.

कोथिंबीर

दुरुस्ती नाही, पुरवणी. बाहेरच्या बिस्किटात लार्ड असण्याची शक्यता बरीच, आणि कॉर्नब्रेडचा तवा बेकनच्या चरबीने माखतात. दोन्ही विचारूनच.

साजूकतूप

मान्य. ताकाचा विषय निघालाच आहे तर, बाजारातलं बटरमिल्क आज विरजण लावून घट्ट केलेलं असतं, पण जुन्या दक्षिणी घरांत बटरमिल्क म्हणजे लोणी काढल्यावर उरलेलं पातळ ताकच. आणि रात्रीचं साधं जेवण म्हणजे उंच ग्लासात कालचा कॉर्नब्रेड कुस्करायचा, वर थंड ताक ओतायचं आणि चमच्याने खायचं. ताकात कुस्करलेल्या भाकरीवर वाढलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. जुन्या पिढीतल्या सहकाऱ्याकडे हा विषय काढा, मग बैठकीचा अजेंडा अर्धा तास विसरा.

ओव्हरटाइम

थेट अजेंड्यावर येऊ नका. हवामान, घरचे, शनिवारचा फुटबॉल सामना, मग वेल्डिंगचे दोष. ही पाच मिनिटं कापून स्लाइड उघडली तर समोरचा काही बोलत नाही, फक्त नंतर त्याच्याकडून माहिती मिळायची थांबते.

शब्दांची यादी शाळेत शिकवत नाहीत ती:

'याल' म्हणजे अनेकवचनी तुम्ही. इंग्रजीत 'यू' एकाला की सगळ्यांना हे कळत नाही, दक्षिणेने तो प्रश्न सोडवलाय. मॅनेजर 'याल कम टू सपर' म्हणाला तर आमंत्रण अख्ख्या टीमला आहे. 'फिक्सिंग टू' म्हणजे आता करणारच आहे. दुरुस्तीशी संबंध नाही. 'मॅश द बटन' म्हणजे बटण दाबा. 'कट ऑफ द मशीन' म्हणजे बंद करा, कापू नका. 'बगी' म्हणजे दुकानातली ढकलगाडी. 'माइट कुड' म्हणजे कदाचित जमेल, वेळापत्रकात ते 'जमेल' म्हणून लिहू नका. 'डिनर' म्हटलं तर वयस्कर माणसाच्या तोंडी ते दुपारचं जेवण असू शकतं. वेळ विचारून घ्या.

सगळ्यात घोटाळ्याचं वाक्य पूर्व टेनेसीतलं आहे. 'हा जॉइंट परत तपासशील का?' यावर उत्तर येतं, 'आय डोन्ट केअर टू.' आपल्या कानाला तो नकार वाटतो. ॲपलेशियन (तिथल्या डोंगराळ पट्ट्यातल्या) बोलीत त्याचा अर्थ 'माझी काही हरकत नाही', म्हणजे होकार. काम दुसऱ्याला देऊन मोकळे झालात तर विनाकारण माणूस दुखावतो.

'ब्लेस युअर हार्ट' हे सुरावर अवलंबून. आजारपण सांगितल्यावर आलं तर माया. आपण काही शहाणपणा शिकवल्यावर हसून आलं तर 'बिचारा, कळत नाही त्याला'.

वयाने मोठ्यांना 'सर', 'मॅम'. हुद्द्याशी संबंध नाही, सुरक्षारक्षकालाही 'येस सर'. ओळख वाढली की बाईंना 'मिस' लावून पहिलं नाव. आपल्या 'ताई'सारखंच काम करतं ते. जेवणाआधी कोणी मान खाली घातली तर काटा-चमचा उचलू नका, प्रार्थना अर्ध्या मिनिटात होते. 'कुठल्या चर्चला जाता' हा प्रश्न गाव कुठलं विचारल्यासारखा असतो. 'आम्ही हिंदू आहोत, देवळात जातो' एवढं सरळ उत्तर पुरतं. बुधवारी संध्याकाळी अनेक चर्चमध्ये प्रार्थना असते, जादा पाळी किंवा टीमचं जेवण त्या वारी ठरवू नका. आणि अलाबामात असाल तर 'अलाबामा की ऑबर्न' (दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांपैकी कुठला) हे आधी समोरच्याला विचारा, मग टोपी विकत घ्या.

रानवाट

रस्त्यावरचं दोन ओळींत. समोरून येणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, आपणही उचलायचं. अंत्ययात्रेच्या गाड्यांची रांग हेडलाइट लावून येत असेल तर दोन्ही दिशांच्या गाड्या कडेला थांबतात, हॉर्न अजिबात नको.

पेट्रोल पंपावर 'बॉइल्ड पीनट्स'ची पाटी दिसली की थांबा. उकडलेल्या शेंगाच, पण आपल्यासारख्या अर्ध्या तासात उतरवलेल्या नव्हेत. ओल्या शेंगा भरपूर मिठाच्या पाण्यात दोन ते चार तास, वाळलेल्या असतील तर रात्रभर भिजवून त्याहून जास्त. दाणा राजम्यासारखा मऊ होतो. ओल्यांचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर. 'केजन' लिहिलेल्या तिखट. दक्षिण कॅरोलायनाने २००६ मध्ये यांना राज्याचा अधिकृत खाऊ केलं. शेंगा मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या, पण इथे आल्या आफ्रिकेमार्गे. भेंडी आणि चवळी तर आफ्रिकेचीच, गुलामांच्या जहाजांबरोबर आलेली. नववर्षाच्या दिवशी चवळी-भात खातात, त्याला 'हॉपिन जॉन' म्हणतात. 'सदर्न फूड' म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं बरंचसं काळ्या स्वयंपाकिणींच्या हातचं आहे.

त्यामुळे एक शनिवार-रविवार बर्मिंगहॅम आणि माँटगोमेरीला द्या. चट्टानूगालगतच्या लुकआउट माउंटन डोंगराचे फलक जागोजागी खुणावतील, ते संध्याकाळी कामावरून सुटल्यावरही होतं. शनिवारी बर्मिंगहॅम: १६ व्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च, जिथे १५ सप्टेंबर १९६३ च्या बॉम्बस्फोटात चार काळ्या मुली गेल्या, समोर केली इन्ग्रॅम पार्क, शेजारी नागरी हक्कांचं संग्रहालय. मग १५० किलोमीटर पुढे माँटगोमेरीत मुक्काम. रविवारी लेगसी म्युझियमला (गुलामगिरी आणि त्यानंतरच्या वर्णद्वेषाचं संग्रहालय) तीन तास धरा, आणि २०१८ मध्ये उघडलेलं, झुंडीने मारलेल्या काळ्या लोकांचं स्मारक. तिथे ८०० हून जास्त गंजक्या पोलादी पेट्या आहेत, असे बळी गेलेल्या प्रत्येक काउंटीची (जिल्ह्याची) एक. सुरुवातीला त्या डोळ्यांच्या पातळीला उभ्या असतात. जमीन हळूहळू उतरत जाते आणि पेट्या डोक्यावर टांगलेल्या राहतात. आपण ज्या काउंटीत काम करतोय तिचं नाव शोधा. उन्हाळ्यात पाणी बरोबर ठेवा, बराच भाग उघड्यावर आहे. सोमवार-मंगळवार बंदच्या पाट्या बऱ्याच ठिकाणी असतात, निघण्याआधी वेळा बघा.

आणि पंपावर निळ्या फुलीवर तारे असलेल्या लाल झेंड्याची कीचेन दिसली तर स्वस्तात भेट म्हणून उचलू नका. तो कॉन्फेडरेट झेंडा, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणी राज्यांचा. काळ्या सहकाऱ्यांसमोर ती टेबलावर ठेवणं म्हणजे काय, हे वरची पेटी पाहिल्यावर सांगायला लागणार नाही.

दोनशेवीस_व्होल्ट

मांसाहारी लोकांसाठी कोणी काही लिहिणार का? डुक्कर-गाय न खाणारे आमच्यात बरेच आहेत.

घाटमाथा

बार्बेक्यू दक्षिणेत ग्रिलवरचं खाणं नाही. हिकरीच्या लाकडाच्या धुरात, साधारण ११० ते १२० अंशांवर डुकराचा खांदा आठ ते बारा तास. मधेच ६५-७५ अंशांवर मांसाचं तापमान तासन् तास हलत नाही, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना ते थंड होत राहतं. घाईने आच वाढवणाऱ्याचं मांस तिथेच कोरडं होतं. म्हणूनच चांगल्या जागी दुपारी 'सोल्ड आउट'ची पाटी लागते, नवं लगेच करता येत नाही.

तुमच्यासाठी दोन वाटा. अलाबामाच्या डिकेटरची धुरावलेली कोंबडी पांढऱ्या सॉसमध्ये बुडवलेली असते: मेयोनेज, साइडर व्हिनेगर, भरपूर मिरी. बॉब गिब्सनने १९२५ च्या सुमारास काढलेला प्रकार. चट्टानूगाहून दोन-सव्वादोन तास. नकाशात टाकताना 'डिकेटर, अलाबामा' असंच लिहा. नुसतं डिकेटर टाकलं तर फोन अटलांटाच्या कडेच्या डिकेटरला नेतो. तिथे भारतीय किराणा छान मिळतो, पण तो सॉस नाही. दुसरी वाट केंटकीतलं ओवेन्सबरो, नॅशव्हिलपासून दोन-सव्वादोन तास उत्तरेला. तिथे चक्क मटणाचा (मेंढीच्या) बार्बेक्यू आहे.

नॅशव्हिलचं 'हॉट चिकन' कोल्हापूरच्या गर्वाने सगळ्यात वरच्या पायरीचं मागवू नका. तळल्यावर त्यावर गरम चरबी किंवा तेलात कालवलेली केयेन मिरची माखतात. रस्सा नाही, सोबत पांढरा पाव आणि काकडीचं लोणचं एवढंच. 'मिडियम'ने सुरुवात करा. लार्ड वापरतात का तेही विचारा.

चहा मागितला की थंडच येतो. 'स्वीट टी'मध्ये चहा गरम असतानाच एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, एक ते दोन कप साखर विरघळवतात. 'अनस्वीट' मागवून वरून साखर घालायला गेलात तर ती तळाशी बसते. 'हाफ अँड हाफ' सांगा, दोन्ही निम्मं-निम्मं मिसळून देतात.

मारवा

गाण्यासाठी सगळे नॅशव्हिलला पळतात, तिथला रायमन सभागृहाचा बाक जरूर बघा (१८९२ ची वास्तू, मुळात प्रार्थनागृह). पण चट्टानूगाहून तासाभरावर, अलाबामात सँड माउंटनवर जे चालतं ते दुसरीकडे सहज ऐकायला मिळणार नाही. सेक्रेड हार्प गायन. १८४४ मध्ये जॉर्जियातल्या दोघांनी छापलेल्या भजनसंग्रहाचं नाव या परंपरेला पडलं.

मांडणी चौकोनी: चारही बाजूंना चार आवाजांचे बाक, सगळ्यांची तोंडं आत. श्रोत्यांसाठी जागाच धरलेली नसते, आलेला माणूस गाणारा. मधोमध एक जण उभा राहून पानाचा क्रमांक सांगतो आणि हाताने ताल देतो. पेटी नाही, पियानो नाही. पट्टी एक जण कानाने ठरवतो, गळ्यांना सोसेल तो सा. मग आधी अख्खं पद नुसत्या स्वरनामांत म्हणतात, शब्द नंतर. आधी सरगम, मग बंदिश!

स्वरनामं चारच: फा, सोल, ला, मी. सप्तक असं जातं: फा सोल ला फा सोल ला मी. म्हणजे सा आणि म दोघेही फा, रे-प सोल, ग-ध ला, आणि एकटा नी म्हणजे मी. छापील स्वराचा आकारही ठरलेला: फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी शंकरपाळ्यासारखा. सरगम डोक्यात बसलेल्याला हे तासाभरात वाचता येतं. फक्त पहिल्यांदा म आणि सा एकाच नावाचे बघून जीभ अडखळते.

आवाज मोकळा, दणदणीत; गोडवा शोधू नका. टाळ्या वाजवत नाहीत. पुस्तक तिथे उसनं देतात. टेनरच्या बाकावर मागच्या ओळीत बसा, मुख्य चाल तिथे असते. दुपारी 'डिनर ऑन द ग्राउंड्स', म्हणजे लांब टेबलांवर घरोघरचे डबे. वर कोथिंबीर यांनी दिलेले चार प्रश्न तिथेही लागू, बिनमांसाचं काही घेऊन गेलात तर उत्तम. गायन सकाळी लवकर सुरू होतं, पण अलाबामा सेंट्रलवर असल्याने जातानाचा तास फुकट मिळतो.

चाकणकर

आणखी दोन कामाच्या गोष्टी.

एक, बीड, म्हणजे ओतीव लोखंड. चट्टानूगाच्या पश्चिमेला साउथ पिट्सबर्गमध्ये १८९६ पासून लॉजचे बिडाचे तवे-कढया ओततात. (मॅरियन काउंटी, घड्याळ सांभाळा.) सव्वादहा इंची तवा सव्वादोन किलोच्या आसपास भरतो, आणि केबिन बॅगेत सुरक्षा तपासणीवाले तो सोडत नाहीत, चेक-इनमध्येच टाका. गंजला तर घासून, पूर्ण वाळवून, तेलाचा अगदी पुसट हात द्या आणि २३०-२५० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर पालथा ठेवा. तेल जास्त झालं की चिकट डाग पडतात.

दोन, चक्रीवादळं, म्हणजे टोर्नाडो. मार्च ते मे मुख्य, नोव्हेंबरात पुन्हा एक फेरी. २७ एप्रिल २०११ ला एकाच दिवशी टस्कलूसापासून चट्टानूगाच्या आसपासपर्यंत थैमान झालं होतं. 'वॉच' म्हणजे हवा तशी आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ दिसलं किंवा रडारवर सापडलं, आत्ता हला. हॉटेलात तळमजला, खिडकी नसलेली आतली खोली किंवा न्हाणीघर. फोनवरची आपत्कालीन सूचना रात्री झोपमोड करते म्हणून बंद करू नका, वादळ रात्रीचंही येतं. कारखान्यात पहिल्याच दिवशी निवाऱ्याची जागा विचारून घ्या.

दोनशेवीस_व्होल्ट

खूप उपयोगी. शेवटचा बाळबोध प्रश्न: त्या उकडलेल्या शेंगा गाडीत खायच्या कशा? पाणी गळतं म्हणतात.

रानवाट

गळतंच. शिवणीवर दाताने दाबायचं, आतलं खारं पाणी आधी ओढून घ्यायचं, मग दाणे. विकणाऱ्याकडून रिकामा कागदी कप जादा मागा, टरफलं त्यात. कपहोल्डरमध्ये रात्रभर राहिली तर दुसऱ्या दिवशी उन्हात भाड्याची गाडी आंबते आणि वास सीटमधून जात नाही. उरलेल्या शेंगा फ्रीजमध्ये, बाहेर ठेवल्या की एका दिवसात बुळबुळीत होतात.